सिंधू संस्कृतीतील अलंकार

सिंधू संस्कृतीतील अलंकार म्हणजे इ.स.पू. सुमारे २६०० ते १९०० या काळात भरभराटीस आलेल्या सिंधू (हडप्पा) संस्कृतीच्या नगरांत आणि खेड्यांत घडविले व वापरले गेलेले दागिने होत. सोने, चांदी, तांबे, अकीकासारखे रत्नदगड, शंख, संगजिरे, फिअन्स आणि भाजलेली माती अशा अनेक पदार्थांपासून हे दागिने केले जात. या संस्कृतीची लिपी अद्याप वाचली गेलेली नाही. निःसंशयपणे राजाचा म्हणता येईल असा राजवाडा किंवा शाही थडगेही सापडलेले नाही. त्यामुळे त्या समाजातील प्रतिष्ठा, संपत्ती आणि वर्गभेद यांचा शोध घेताना अलंकार हा पुरातत्त्वज्ञांच्या हाती असलेला एक प्रमुख पुरावा ठरतो. येथील दागिन्याचे मोल त्यातील धातूच्या वजनापेक्षा दगडाचा दुर्मीळपणा, तो घडविण्यास लागणारे कसब आणि त्यावर खर्ची पडलेले श्रम यांवर अधिक अवलंबून होते, असे अभ्यासातून दिसते.

पार्श्वभूमी

सिंधू खोऱ्यातील अलंकारांची परंपरा नगरांच्या उदयापेक्षा पुष्कळ जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथील इ.स.पू. सातव्या सहस्रकातील नवाश्मयुगीन थडग्यांत मृतांबरोबर समुद्री शंख-शिंपले, पिरोजा आणि लाजवर्द यांचे मणी ठेवलेले आढळले. मेहेरगढपासून समुद्रकिनारा आणि लाजवर्दाच्या खाणी या दोन्ही गोष्टी शेकडो किलोमीटर दूर आहेत. दुरून आलेली वस्तू अंगावर धारण करणे हे विशेष स्थानाचे लक्षण मानण्याची प्रथा या प्रदेशात शेतीच्या आरंभापासूनच होती, असे यावरून म्हणता येते.

नगरपूर्व काळातील महत्त्वाचा पुरावा हरियाणातील कुणाल येथे मिळाला. तेथे एका मडक्यात चांदीचे मुकुटसदृश शिरोभूषण, सोन्याचे दागिने आणि रत्नदगडांचे मणी एकत्र सापडले.

मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खनने १९२० च्या दशकात सुरू झाली आणि जॉन मार्शल यांनी १९२४ साली या संस्कृतीच्या शोधाची वार्ता जगापुढे मांडली. त्यानंतरच्या काही वर्षांतच दोन्ही ठिकाणी दागिन्यांचे मोठे ठेवे मिळाले. चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅकाय यांनी १९३५-३६ मध्ये केलेल्या उत्खननात मण्यांचा कारखाना उघडकीस आला आणि दागिने कसे घडविले जात, याचा अभ्यास शक्य झाला.

साहित्य व त्याचे उगमस्थान

कार्नेलियन (तांबडा अकीक) हा सिंधू संस्कृतीचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण रत्नदगड होय. त्याचा प्रमुख स्रोत गुजरातमधील राजपिपळ्याजवळचा रतनपूर परिसर हा होता. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत अकीक तयार होतो. खडकाची झीज झाल्यावर त्याचे गोटे सुटे होऊन मातीत व गाळात साठतात. सह्याद्रीही याच बेसाल्टचा बनलेला असल्याने महाराष्ट्रातही अकीक आणि जास्पर विपुल आढळतात.

लाजवर्द अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातून येत असे. अमू दर्याच्या परिसरात शोर्तुगई येथे सिंधू संस्कृतीची एक दूरस्थ वसाहत सापडली असून तिचा संबंध या व्यापाराशी जोडला जातो. मात्र सिंधूच्या नगरांत लाजवर्दाचे मणी तुलनेने थोडे मिळतात. हा दगड अकीकापेक्षा मऊ असल्याने त्याची झिलई वापराने लवकर उतरते. सिंधूच्या लोकांची पसंती कठीण आणि दीर्घकाळ चमक टिकविणाऱ्या दगडांना होती.

शंखाच्या बांगड्यांसाठी मुख्यतः भारतीय शंख (टर्बिनेला पायरम) वापरला जाई. गुजरातच्या किनाऱ्यावरील नागेश्वर आणि कराचीजवळील बालाकोट येथे शंखकामाची केंद्रे होती. तेथून कच्चा माल व तयार वस्तू शेकडो किलोमीटर आत असलेल्या हडप्पापर्यंत पोहोचत.

घडणीची तंत्रे

मणी

अकीकाचा मूळ रंग बहुधा करडा किंवा पिवळसर असतो. तो वाळवून मंद आचेवर पुनःपुन्हा तापविल्यास त्यातील लोहसंयुगांमध्ये बदल होऊन दगडाला गडद तांबडा रंग चढतो. त्यानंतर दगडाचे टवके काढून त्याला मण्याचा ओबडधोबड आकार दिला जाई, तो घासला जाई, त्याला भोक पाडले जाई आणि शेवटी झिलई दिली जाई.

यांपैकी भोक पाडणे ही सर्वांत अवघड पायरी होती. त्यासाठी सामत्यासारखे, धनुष्याच्या दोरीने फिरविले जाणारे हत्यार वापरले जाई. त्याच्या टोकाला बसविलेल्या दगडी सळया एका विशेष कठीण पदार्थाच्या होत्या. हा पदार्थ विशिष्ट खडक तापवून तयार करीत असत, असे मानले जाते. मॅकाय यांच्या सन्मानार्थ त्याला ‘अर्नेस्टाइट’ असे नाव देण्यात आले आहे. अशा सळया चन्हुदडो आणि धोलावीरा यांसह अनेक स्थळी मिळाल्या आहेत. जोनाथन मार्क केनोयर आणि मासिमो विदाले यांच्या अभ्यासातून व प्रयोगांतून या तंत्राची उकल झाली. प्रयोगात कार्नेलियनमध्ये ताशी सुमारे २.५ मिलिमीटर इतकेच भोक पडले. सहा ते तेरा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला केवळ भोक पाडण्यासाठी तीन ते आठ दिवस अखंड काम करावे लागत असावे, असा अंदाज त्यावरून काढण्यात आला. भोक दोन्ही टोकांकडून पाडीत आणि ते मध्यभागी जुळावे लागे. अखेरच्या टप्प्यावर मणी तडकला तर आधीचे सर्व श्रम वाया जात.

कार्नेलियनवर पांढरी नक्षी उठविण्याची कलाही अवगत होती. क्षार आणि वनस्पतीचा चीक यांच्या मिश्रणाने मण्यावर आकृती काढून तो तापविला की ती आकृती दगडावर कायमची उमटते. १९३० च्या दशकात मॅकाय यांनी सिंधमधील सेहवान येथे एका वृद्ध कारागिराकडून हे तंत्र प्रत्यक्ष पाहिले व त्याची नोंद केली.

संगजिरे व फिअन्स

संगजिरे हा नखाने ओरखडता येण्याइतका मऊ दगड आहे. त्याचे मणी कापून उच्च तापमानात भाजले की ते पांढरे आणि टणक होतात. सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे अतिसूक्ष्म मणीही केले जात. गुजरातमधील झेकडा येथे असे हजारो मणी एका भांड्यात मिळाले. वाळूसारख्या सिलिकायुक्त चूर्णापासून बनविलेल्या फिअन्सला निळी-हिरवी झिलई देऊन बांगड्या, मणी व पदके तयार करीत.

सोने व चांदी

सोन्याचे पातळ पत्रे ठोकून ललाटपट्ट, पोकळ बांगड्या, शंकूच्या आकाराची भूषणे आणि चकत्या बनविल्या जात. दोन चकत्यांच्या मध्ये दोरा ओवण्यासाठी बारीक नळी असलेला सपाट मणी विशेष प्रचलित होता. याच घडणीचे मणी मेसोपोटेमियात आणि पार ट्रॉयपर्यंत आढळतात. तांब्याच्या मण्यावर सोन्याचा पत्रा चढविण्याची पद्धतही होती.

हरियाणातील बनावली येथे एका घरात मणी, लहान वजने आणि सोन्याचे कस उमटलेला कसोटीचा दगड सापडला. हे घर सराफाचे किंवा जवाहिऱ्याचे असावे, असे मानले जाते. सिंधू संस्कृतीतील प्रमाणित दगडी वजनांच्या मालिकेतील सर्वांत लहान वजनांपैकी एक सुमारे ०.८६ ग्रॅमचे आहे. एवढी हलकी वजने मौल्यवान वस्तूंच्या मोजणीसाठीच उपयोगी पडतात. काही अभ्यासकांनी या मालिकेचा संबंध गुंजेच्या बीशी जोडला आहे. गुंज हे वजन भारतीय सोनारांच्या व्यवहारात अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालू होते.

पुरलेले ठेवे

सिंधू संस्कृतीतील मौल्यवान दागिन्यांपैकी बहुतेक थडग्यांऐवजी घरांच्या जमिनीखाली किंवा भिंतींजवळ पुरलेल्या भांड्यांत मिळाले आहेत. मोहेंजोदडो येथे चांदीच्या व तांब्याच्या भांड्यांत ठेवलेले असे अनेक संच सापडले. त्यांत सोन्याचे ललाटपट्ट, मण्यांचे सर, बांगड्या, कर्णभूषणे आणि कमरपट्टे होते. एका ललाटपट्टाच्या टोकांवर ठिपक्यांनी उठविलेली आकृती एकशृंगी प्राण्याच्या मुद्रांवर दिसणाऱ्या दंडयुक्त पात्राची आहे. मुद्रेवरील हे चिन्ह सोन्याच्या अलंकारावरही यावे, ही गोष्ट दागिना आणि अधिकार यांच्यातील नात्याकडे निर्देश करते.

मोहेंजोदडोच्या एका चांदीच्या भांड्याला सुती कापडाचा तुकडा चिकटलेला आढळला. धातूच्या क्षारांमुळे तो टिकून राहिला होता आणि त्याला मंजिष्ठेचा तांबडा रंग दिलेला होता. भारतीय उपखंडातील कापसाच्या कापडाच्या प्राचीन नमुन्यांत त्याची गणना होते.

कराचीजवळील अल्लाहदिनो हे अगदी लहान खेडे होते. १९७६ साली वॉल्टर फेअरसर्व्हिस यांच्या उत्खननात तेथे एका मडक्यात सोन्या-चांदीच्या दागिन्यांसह ३६ लांब कार्नेलियन मण्यांचा कमरपट्टा मिळाला. केनोयर यांच्या अंदाजानुसार असा एक कमरपट्टा घडविण्यास ४८० हून अधिक कामाचे दिवस लागले असावेत. उच्च प्रतीची संपत्ती केवळ महानगरांपुरती मर्यादित नव्हती, हे या ठेव्याने दाखवून दिले.

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगरजवळच्या मंडी या गावी २००० साली शेतात माती काढताना सोन्याच्या दागिन्यांचा मोठा साठा उघडा पडला. पुरातत्त्व खात्याला माहिती मिळण्यापूर्वीच त्यातील बराच भाग नाहीसा झाला होता.

हे ठेवे का पुरले गेले, याविषयी एकच एक उत्तर देता येत नाही. काही संचांत तुटके दागिने आणि सुटे मणी एकत्र असल्याने ते सोनाराकडील साहित्य किंवा कुटुंबाची साठवण असावी. काही संच मात्र संकटकाळी घाईने लपविलेले असावेत. ते परत काढून नेण्यास कोणी आले नाही, एवढे निश्चित आहे.

दागिने व सामाजिक स्थान

दफनप्रथा

सिंधू संस्कृतीला समकालीन असलेल्या मेसोपोटेमियात मृत राजपुरुषांबरोबर अपार संपत्ती पुरली जात असे. उर येथील लिओनार्ड वूली यांनी उत्खनित केलेल्या शाही दफनभूमीत राणी पुआबीच्या देहावर सोने, चांदी, लाजवर्द, कार्नेलियन आणि अकीक यांच्या मण्यांचे संपूर्ण आच्छादन होते. त्याच दफनभूमीतील एका मोठ्या खड्ड्यात ७४ अनुचरांचे सांगाडे मिळाले.

सिंधूच्या दफनभूमींत असे दृश्य दिसत नाही. हडप्पा येथील आर-३७ या दफनभूमीत मृतांबरोबर मातीची भांडी, काही स्त्रियांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या, क्वचित तांब्याचा आरसा आणि थोडे मणी आढळले. तेथील एका पुरुषाच्या गळ्यातील संगजिऱ्याच्या सुमारे ३४० मण्यांची माळ आणि तीन सोन्याचे मणी हा तेथील समृद्ध दफनांपैकी एक मानला जातो. कार्नेलियनचा लांब मण्यांचा कमरपट्टा एकाही दफनात मिळालेला नाही.

यावरून असा निष्कर्ष काढला जातो की, मौल्यवान दागिने मृताबरोबर न जाता वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जात किंवा पुन्हा वितळवून व ओवून वापरात येत. मृताबरोबर जाणाऱ्या शंखाच्या बांगड्या बहुधा त्या व्यक्तीच्या वैयक्तिक ओळखीशी निगडित होत्या. सोने आणि लांब मणी मात्र कुटुंबाच्या किंवा समूहाच्या मालकीचे असावेत.

अनुकरण

सामाजिक उतरंडीचा सर्वांत बोलका पुरावा नकली दागिन्यांतून मिळतो. लांब कार्नेलियन मण्यांची प्रतिकृती भाजलेल्या मातीची करून तिला तांबडा रंग दिला जाई. नक्षीदार कार्नेलियनचे अनुकरण संगजिऱ्याच्या मण्यांवर रंगकाम करून केले जाई. निळ्या-हिरव्या दगडांची जागा फिअन्स घेई. एकाच घाटाची बांगडी माती, शंख, फिअन्स, तांबे आणि सोने अशा वेगवेगळ्या पदार्थांत मिळते. सर्व थरांतील लोक एकाच प्रकारचे अलंकार वापरीत, परंतु ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे पदार्थ बदलत असे, असे केनोयर यांनी प्रतिपादन केले आहे. दागिन्याचा आकार समाजाशी असलेली बांधिलकी दाखवी आणि त्याचा पदार्थ समाजातील स्थान दाखवी.

काही वस्तूंच्या निर्मितीवर कडक नियंत्रण होते. मोहेंजोदडो व हडप्पा येथे मिळणाऱ्या अतिकठीण भाजलेल्या मातीच्या बांगड्यांवर सूक्ष्म अक्षरे कोरलेली असतात. त्या विशेष बंद पात्रांत भाजल्या जात आणि त्या पात्रांवर एकशृंगी प्राण्याच्या मुद्रेचा ठसा उमटविला जाई. त्या कोणाला वापरण्याची मुभा होती हे समजलेले नसले, तरी साध्या मातीलाही तंत्र आणि नियंत्रण यांमुळे प्रतिष्ठा प्राप्त होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

मूर्तींतील पुरावा

मोहेंजोदडोच्या तथाकथित ‘पुरोहित-राजा’च्या संगजिऱ्याच्या पुतळ्याच्या कपाळावर पट्टा आणि दंडावर बाजूबंद असून दोहोंच्या मध्यभागी गोल पदक आहे. ‘नर्तकी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या सुमारे १०.५ सेंटिमीटर उंचीच्या धातूच्या मूर्तीचा डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. उजव्या हातात केवळ चार बांगड्या आहेत. भाजलेल्या मातीच्या स्त्रीमूर्तींवर भव्य शिरोभूषणे, अनेक पदरी हार आणि कमरपट्टे दाखविलेले असतात.

मतभेद

अलंकारांतील ही तफावत नेमकी किती विषमता दर्शविते, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. केनोयर यांनी व्यापारी, जमीनदार आणि धर्मप्रमुख अशा परस्परस्पर्धी उच्चवर्गीय गटांची कल्पना मांडली आहे. याउलट अ‍ॅडम ग्रीन यांनी, शाही थडगी, राजवाडे आणि राजप्रतिमा यांच्या अभावाकडे लक्ष वेधून हा समाज तुलनेने समतावादी होता, असे मत व्यक्त केले आहे. उत्तम दागिने लहान खेड्यांतही सापडणे आणि कारागिरांच्या वस्त्या नगरांत सर्वत्र विखुरलेल्या असणे, या गोष्टी दुसऱ्या मताला पूरक आहेत. एका कमरपट्ट्यामागील वर्षभराहून अधिक श्रम ही गोष्ट पहिल्या मताला बळ देते.

पश्चिम आशियाशी व्यापार

मेसोपोटेमियातील लेखांत ‘मेलुहा’ या देशातून कार्नेलियन, लाकूड आणि इतर मौल्यवान माल येत असल्याचे उल्लेख आहेत. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश होय, असे बहुसंख्य विद्वान मानतात. उरच्या शाही दफनभूमीत सिंधू पद्धतीचे लांब आणि नक्षीदार कार्नेलियन मणी मिळाले आहेत. मूळ भूमीत जे दागिने मृताबरोबर पुरले जात नसत, तेच परदेशी राजघराण्याच्या थडग्यांत वैभवाची खूण म्हणून ठेवले गेले.

ऱ्हास व परंपरेचे सातत्य

इ.स.पू. १९०० नंतर नगरे ओस पडू लागली आणि दूरचा व्यापार आटला. लांब कार्नेलियन मणी, अक्षरांकित बांगड्या आणि अर्नेस्टाइटच्या सळया यांचा वापर थांबला. ज्या वर्गाची प्रतिष्ठा या वस्तूंवर उभी होती, तो वर्ग लोप पावल्याबरोबर त्यांची निर्मिती करणारे ज्ञानही नष्ट झाले. साधे अकीकाचे मणी मात्र पुढेही केले जात राहिले. महाराष्ट्रातील प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे उत्तर हडप्पाकालीन वस्तीचे अवशेष मिळाले असून ते या संस्कृतीच्या दक्षिणेकडील प्रसाराची साक्ष देतात.

गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे मणी बनविण्याचा व्यवसाय आजही चालतो. दगड तापवून तांबडा करणे आणि टवके काढून घडविणे या पायऱ्यांत जुन्या पद्धतीची छाप दिसते; भोक पाडण्यासाठी आता हिऱ्याचे टोक असलेली हत्यारे वापरतात. बंगालमधील विवाहित स्त्रियांच्या शंखाच्या बांगड्या हेही या दीर्घ परंपरेतील एक रूप होय.

फाळणी व अलंकारांची वाटणी

१९४७ च्या फाळणीनंतर मोहेंजोदडो व हडप्पा ही स्थळे पाकिस्तानात गेली. परंतु मोहेंजोदडोच्या अनेक महत्त्वाच्या वस्तू त्या वेळी दिल्लीत होत्या. त्यांची दोन्ही देशांत समसमान वाटणी करण्याचे ठरले. हे तत्त्व काही अखंड दागिन्यांनाही लावले गेले. फिकट हिरव्या दगडाचे मणी, सोन्याच्या चकत्या आणि अकीक व जास्पर यांची लोंबती पदके असलेला मोहेंजोदडोचा प्रसिद्ध हार सोडवून त्याचे दोन भाग करण्यात आले. लांब कार्नेलियन मण्यांचा कमरपट्टाही तसाच विभागला गेला. भारताच्या वाट्याचा हाराचा अर्धा भाग नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरा अर्धा पाकिस्तानकडे आहे.

मूळ दागिन्याची रचना, मण्यांचा क्रम आणि पदरांची जुळणी हा पुरातत्त्वीय पुराव्याचाच भाग असतो. त्यामुळे या विभागणीवर इतिहासकारांनी टीका केली आहे. दोन्ही राष्ट्रांना प्राचीन वारशाचा समान वाटा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. एकेकाळी एका घराण्याची प्रतिष्ठा सांगणारा हा अलंकार विसाव्या शतकात दोन राष्ट्रांच्या प्रतिष्ठेचा विषय बनला. सुमारे चार हजार वर्षे जमिनीखाली अखंड राहिलेला हार आज दोन देशांत अर्धा-अर्धा जपलेला आहे.